दुसरी बुडी

ज्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, त्या उन्हाळ्यात रंगाऱ्याच्या घरातल्या तिघांचेही हात पहिल्यांदाच धुऊन निघाले. एरवी ते कोपरापर्यंत निळे असत. नवरा, बायको आणि लेक, तिघंही दिवसभर निळीच्या रांजणांशी वाकलेली. साबण लावा नाहीतर राखेनं घासा, नखांच्या कडेला निळाई उरायचीच. रंगाऱ्याचा बाप गेला तेव्हाही त्याची नखं निळी होती. पण कापड धुवायलाच पाणी नाही म्हटल्यावर रंगवणार काय? रंगाऱ्यानं रांजणांवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर दगड ठेवले आणि घर रिकाम्या हातांनी बसून राहिलं.

बघता बघता हात निवळले. रंगाऱ्याचे काळेसावळे निघाले, बायकोचे गव्हाळ. लेकीचे मात्र निवळता निवळता त्याच्याही पुढे गेले.

एका सकाळी मायलेकी अंगणात धान्य निवडत बसल्या होत्या. आईचं लक्ष लेकीच्या बोटांकडे गेलं.

"आधी हात धुऊन ये बघू. नीळ गेली, पण चुना तसाच आहे बोटांना."

"चुना नाही तो," लेक म्हणाली आणि खाली मान घालून खडे वेचत राहिली.

आईनं तिचा हात मांडीवर ओढून घेतला, पदराचं टोक ओलं केलं आणि घासलं. घासून घासून पदर गरम झाला, बोटांची पेरं मात्र तशीच पांढरी. मनगटाच्या आत आणखी एक डाग होता, चिंचोक्याएवढा, आणि त्याच्यावर एक. मग आईनं लेकीच्या डोक्यावरची ओढणी मागं सारली. ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली, जबड्याच्या कडेला, एक पांढरा ठिपका होता. आईच्या हाताचा धक्का लागून सुपातलं धान्य सांडलं.

"कधीपासून गं?"

"थंडीपासून."

तेव्हा आईला उमगलं की ही पोर काम नसतानाही रांजणात हात घालून का बसायची, आणि भर उकाड्यात ओढणी हनुवटीखाली गुंडाळून का घ्यायची. सहा महिने तिनं ते एकटीनं सोसलं होतं. एका घरात, एका चुलीपाशी बसून.

या लेकीला घरात कुणी नावानं हाक मारत नसे. निळीतून काढलेलं कापड आधी हिरवं दिसतं, हवा लागली की निळं होतं, आणि तोवर ते नुसतं धरून उभं राहावं लागतं. एवढीशी असताना ही बया कमरेवर हात ठेवून बापाला दरडावायची, "हलवू नका, अजून हिरवं आहे." तेव्हापासून ती घरची मुकादम. आता विशी गाठली तरी मुकादमच. कोणतं ठाण कुठं वाळत घालायचं, बाजाराला काय न्यायचं, गाठोडं किती मोठं बांधायचं, सगळं तिच्या तोंडून सुटायचं. काडीनं कापडावर लेपाचे ठिपके देण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लेप लागेल तिथं नीळ शिरत नाही आणि निळ्या कापडावर पांढरे ठिपके उठतात. आठवडी बाजारात बायका तेच कापड मागत, आणि ते तिच्याच हातून मागत, कारण भाव करताना ती हसवून हसवून गिऱ्हाईक गार करी.

घरात शिल्लक असलेलं कापड विकायला त्या आठवड्यात बापलेक बाजारात बसले. मुकादमच्या ओढणीचा पदर हनुवटीखाली घट्ट होता, पण बोटं कुठं लपवणार? नेहमीची शिंपीण आली. दर खेपेला ती मुकादमशेजारी बसकण मारून तिच्याच तांब्यातलं पाणी पिणारी.

"ठिपक्यांचं दाखव गं," ती म्हणाली.

मुकादमनं घडी पुढं केली. शिंपिणीनं हात लांबवला आणि अर्ध्यावरच मागं घेतला. मग रंगाऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुम्हीच उलगडा हो जरा. मला नीट दिसत नाही."

रंगाऱ्यानं घडी उलगडली. शिंपिणीनं कापड निरखलं, ठिपके बोटानं चाचपले, किती पांढरे शुभ्र उठलेत म्हणून कौतुक केलं आणि घेऊनही गेली. त्या दिवशी तिनं पाणी मागितलं नाही. तिच्यानंतर आलेल्या दोघींनीही तेच केलं. बाईमाणसाच्या नजरेला शिकवावं लागत नाही. एकीनं पाहिलं की रांगेतल्या सगळ्यांना दिसतं.

मुकादमनं हात मांडीखाली घेतले आणि बाजार उठेपर्यंत तशीच बसली. घरी येताना ती बापाच्या मागून चालली. एरवी ती पुढे असायची.

"पुढच्या बाजाराला मी येत नाही," दारात ती म्हणाली.

"बरं," रंगारी म्हणाला. त्यानं मनाशी मात्र एक गाठ मारली. विहिरीला पाणी येईल, रांजण पुन्हा चालू होतील, तोवर पोरीच्या चेहऱ्याला रंग आलेला असला पाहिजे. जन्मभर लोकांची कापडं रंगवली, आपल्या लेकीच्या चेहऱ्यावरचा एक ठिपका भरता येऊ नये?

मोठ्या गावच्या दवाखान्यात ती तिघं गेली. डॉक्टरीणबाई वयानं मुकादमपेक्षा फार मोठी नव्हती. तिनं खोलीचे पडदे ओढले आणि एका निळसर दिव्याखाली मुकादमचे हात, गळा, चेहरा निरखला. त्या उजेडात डाग असे लखलखले की आईनं मानच फिरवली.

"हे ते दुसरं तर नाही ना हो?" आईनं कुजबुजत विचारलं. त्या बोटं झडणाऱ्या दुखण्याचं नाव तिच्या जिभेवर येईना.

डॉक्टरीणबाईनं टाचणीचं टोक डागावर हलकेच टेकवलं. "टोचतंय?"

"टोचतंय," मुकादम म्हणाली.

"मग ते नाही. हे कोड. शिवल्यानं लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. काही वेडंवाकडं खाल्लं म्हणून होत नाही आणि कुणाचं पाप म्हणूनही नाही. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराची राखण करणारं जे सैन्य असतं ना, ते चुकून त्यांच्यावरच उठतं."

"म्हणजे घरचाच राखणदार," रंगारी म्हणाला.

"तसंच. पण रंग परत येऊ शकतो."

त्यापुढं ती पुष्कळ बोलली. डागातली लव अजून काळी आहे, हे चांगलं. रंग केसांच्या मुळातून वर येतो, ठिपक्या-ठिपक्यांनी, आणि मग ठिपके एकमेकांना मिळतात. गालाला येतो, हाताला येतो. बोटांच्या पेरांना केस नाहीत, तिथं कठीण, कदाचित येणारच नाही. महिनोन्महिने लागतील. मोठ्या शहरात कपाटासारखी उजेडाची पेटी असते, त्यात उभं राहावं लागतं, आठवड्यातून दोन-तीनदा तरी. इथून एवढ्या खेपा कोण करणार? डाग वाढायचे पुरते थांबले तर चांगली कातडी घेऊन डागावर बसवतात, पण ते फार पुढचं. आणि काहीच केलं नाही तरी जिवाला धोका नाही, कितीतरी माणसं तशीच मजेत राहतात. रंगाऱ्याच्या कानात एवढंच राहिलं की रंग परत येतो, ठिपक्या-ठिपक्यांनी.

"ही नळी चेहऱ्यासाठी," डॉक्टरीणबाईनं मलम दाखवलं. "आणि ही बाटली फक्त मनगटाच्या डागांना. कापसानं डागापुरतंच लावायचं आणि ऊन द्यायचं. किती? चुलीवर चहाला उकळी येईपर्यंत. बस्स. लगेच धुवायचं आणि झाकायचं. बाटलीतलं औषध तोंडाला चुकूनही नाही. ऐकलंत ना, बाबा?"

"ऐकलं," रंगारी म्हणाला. ऐकलं होतंच त्यानं.

रोज सकाळी अंगणात, जिथं एरवी ठाणं वाळत, तिथं रिकाम्या दोऱ्यांखाली मुकादम पाटावर बसायची आणि मनगट उलटं करून बापापुढं धरायची. आई चुलीवर चहाचं भांडं चढवी. रंगारी डोळ्यांत तेल घालून डागाची कड न ओलांडता कापूस फिरवी. "झाली उकळी," अशी आतून हाक आली की तो तिचा हात धुवी आणि फडक्यात गुंडाळी. संध्याकाळी तो बोटाच्या टोकावर मलम घेई, मुकादम डोळे मिटून चेहरा वर करी आणि तो जबड्यावरच्या ठिपक्याला हळूच चोळी. लहानपणी तिचे गाल पुसले होते, त्यानंतर त्यानं लेकीच्या चेहऱ्याला हात लावला तो आताच. त्याला ते बरं वाटायचं. दुखणं आहे म्हणून का होईना, पोर पुढ्यात बसते.

उन्हाळा असा तापला की विहिरीच्या तळाला नुसता चिखल उरला. आई पहाटे घागरी घेऊन बाहेर पडे ती ऊन चढल्यावर परत येई. आणि अशाच एका सकाळी रंगाऱ्याला लेकीच्या मनगटावरच्या पांढऱ्यात तपकिरी ठिपका दिसला. टाचणीच्या डोक्याएवढा. त्याच्याजवळ दुसरा. त्यानं मनगट डोळ्यांजवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं.

"मुकादम," तो म्हणाला, "धरला की गं."

"काय?"

"रंग धरला."

मुकादम हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. तिनं मनगट स्वतःकडे फिरवून ठिपके पाहिले आणि मग एकदम विचारलं, "मग तोंडाला का धरत नाही?"

खरंच की. मलम रोज चोळूनही जबड्यावरचा डाग जसाच्या तसा होता. उलट जरासा मोठाच झाला होता, नखाएवढा. रंगारी विचारात पडला. आता रंगाऱ्याचा विचार चालणार तो रंगाऱ्यासारखाच. कापडाची एक बाजू फिकी राहिली तर तो काय करी? पुन्हा बुडवी. बुडवायचं, वर काढायचं, ऊन-वारा द्यायचा, पुन्हा बुडवायचं. फिकेपणावर साऱ्या जन्मात त्याला दुसरा उपाय ठाऊक नव्हता, आणि तो उपाय कधी फसला नव्हता.

"ही बाटली जोराची आहे," तो म्हणाला. "मलम हलकं पडतंय."

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात."

"त्या म्हणणारच गं. त्या औषध ओळखतात. रंग मी ओळखतो."

मुकादमनं बापाकडे पाहिलं. ओलं कापड बोटांत धरून उद्या ते किती निळं होईल हे सांगणारा हा माणूस. तिनं ओढणी सोडली, डोळे मिटले आणि चेहरा वर केला.

आई पाण्याला गेली होती. चुलीवर चहा नव्हता. रंगाऱ्यानं कापूस भिजवून जबड्यावर फिरवला, वाळू दिला, पुन्हा फिरवला. कडेनं जरा ओघळलं, तेही त्यानं तिथंच जिरू दिलं. मुकादम उन्हाकडे तोंड करून बसली. तिच्या कपाळावर घाम आला, मानेवरून खाली गेला. दोरीची सावली पाटावरून जमिनीवर सरकली.

"पुरे का?"

"थोडं थांब. हलू नकोस."

ती उठली तेव्हा डागाला नुसती गुलाबी झाक होती. रंगारी हरखून गेला. पांढरं होतं तिथं गुलाबी आलं, म्हणजे पकडतंय. रात्री आईनं विचारलं, "तोंड लाल कशानं गं?" "उन्हानं," मुकादम म्हणाली आणि बापाकडे पाहून हसली. बापलेकीचं ते गुपित होतं. आईला एकदम रंग आलेलाच दाखवायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम म्हणाली, "जरा चुणचुणतंय."

"चुणचुणणारच. शिरतंय ना आत." आणि त्यानं दुसरी बुडी दिली.

त्या रात्री चेहऱ्याची आग सुरू झाली. उजाडता उजाडता जबड्यापासून मानेपर्यंत पाण्याचे फोड आले होते, एकावर एक दाटलेले. डावा डोळा सुजून बंद झाला होता. मुकादम रडत नव्हती, कारण डोळ्यांतलं पाणी गालावर आलं की आणखी झोंबत होतं. ती भिंतीकडे तोंड करून तोंडानं श्वास घेत बसली होती. आईनं पिण्यासाठी आणलेल्या घागरीत फडकं बुडवलं आणि फोडांवर नुसतं धरून ठेवलं. कोनाड्यातली बाटली तिनं उचलून पाहिली. ती निम्म्यावर आली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई जागची उठली.

"बाटलीतलं औषध तोंडाला कुणी लावलं?"

खोलीत पंखा फिरत होता. रंगाऱ्यानं 'मी', एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं.

"मी लावलं," मुकादम म्हणाली. ओठ सुजल्यामुळं शब्द जाड निघाले. "रंग लवकर यावा म्हणून."

"तुला सांगितलं होतं ना? शिकलीसवरलेली दिसतेस. चेहरा म्हणजे काय खेळ वाटला?" डॉक्टरीणबाई पुष्कळ बोलली आणि ते खोटं नव्हतं. मुकादम खाली मान घालून ऐकत होती. रंगारी भिंतीला टेकून उभा होता. बोलायचं होतं ते त्या क्षणी बोलता आलं नाही, आणि क्षण गेल्यावर बोलणं आणखी अवघड होऊन बसलं. तो गप्प राहिला. सगळी परत निघाली तेव्हाही गप्प होता, घरी आल्यावरही गप्पच.

फोड फुटले, खपल्या धरल्या, खपल्या पडल्या. खालची कातडी लाल निघाली आणि पुढं हळूहळू ती पांढरी होत गेली. नखाएवढ्या डागाच्या जागी आता ओठाच्या कोपऱ्यापासून कानाखालपर्यंत आणि खाली गळ्यावर पांढरं पसरलं होतं. एक बाजू औषधाच्या ओघळासारखी खाली उतरली होती. तो ओघळ रंगाऱ्यानं पाहिला आणि लगेच ओळखला. तो त्याच्याच कापसाचा होता.

"कोडाच्या कातडीला जखम झाली की असंच होतं कधीकधी, जखमेवरून ते पसरतं," डॉक्टरीणबाई या वेळी शांतपणे म्हणाली. "गेलं ते गेलं. मलम पुन्हा पहिल्यापासून. आणि आता पेटीशिवाय भागायचं नाही. शहराला जावं लागेल."

मनगटावर रंग धरला होता. तिथले ठिपके वाढून एकमेकांना मिळाले होते, डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं अगदी तसेच. उकळी आली की हात धुतला जायचा, म्हणून.

पुढं पाऊसपाणी झालं, विहीर भरली. रंगाऱ्यानं दगड उतरवले, फळ्या काढल्या, रांजणांतली मेलेली नीळ उपसून नवी लावली. आठवड्यातून दोनदा आई आणि मुकादम पहाटेच्या गाडीनं शहराला जात आणि दिवस मावळता परत येत. पेटीत काय असतं, कसं वाटतं, हे मुकादम आईशी बोले. बापानं विचारलं तर उत्तर मिळे, पण तेवढ्यापुरतंच. ती उर्मट नव्हती. रागावलीही नव्हती. राग असता तर त्याला सोसता आला असता. ती आता कुणालाच दरडावत नव्हती. ठाण चुकीच्या दोरीवर गेलं तरी गप्प, कापड हिरवं असतानाच कुणी झटकलं तरी गप्प. लेपाचे ठिपके ती देई, पांढऱ्या पेरांमध्ये काडी धरून, पहिल्यासारखेच नेटके. रंगाऱ्याचे हात पुन्हा कोपरापर्यंत निळे झाले होते. मुकादम रबरी हातमोजे घालून काम करी आणि संध्याकाळी ते उलटे करून वाळत टाकी. हात निळे करून लपवायचं तिनं सोडलं होतं.

आणि संध्याकाळचं मलम तीच लावून घेई. खोलीचं दार लोटून, एकटी.

पहिल्या दिवशी रंगारी सवयीनं पाटापाशी जाऊन बसला होता, बोट पुसून. ती नळी घेऊन त्याच्या समोरून आत गेली. त्या दिवसापासून रोज त्या वेळेला तो ओसरीवर बसे आणि दाराकडे न बघण्याचा प्रयत्न करी.

एका बाजाराच्या आदल्या संध्याकाळी असाच तो बसला होता. आई परसात भांडी घासत होती. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"बाबा."

तो उठून दारात गेला. भिंतीवरचा आरसा खिळ्यासकट निघाला होता. फुटला नव्हता. मुकादम तो हातात घेऊन खिडकीपाशी बसली होती. एका हातात आरसा धरला तर ओठाच्या कोपऱ्यावर बोट नीट जाईना.

"जरा धरता?"

त्यानं आरसा घेतला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला. तिनं बोटावर मलम घेतलं. मान वळवून ती जबड्याच्या कडेनं बोट फिरवू लागली, कानाखालून ओठाकडे, मग गळ्यावरच्या ओघळावर. ती अगदी हळू चोळत होती, जसं तो चोळायचा तसंच. त्याच्या बाजूला आरशाची काळी पाठ होती. तिच्यावर त्याची निळी बोटं होती आणि त्यांच्या वरून लेकीचे दोन डोळे तेवढे दिसत होते. ते आरशात बघत होते, त्याच्याकडे नाही.

"त्या दिवशी दवाखान्यात," रंगारी म्हणाला, "मी बोललो नाही. बोलायला हवं होतं मी."

मुकादमचं बोट थांबलं नाही.

"ती तुला बोलत होती आणि मी भिंतीला टेकून..." त्याच्या हातातला आरसा हलायला लागला.

"उद्या बाजाराला मी येणार आहे," मुकादम म्हणाली. "ओढणी घेणार नाही मी तोंडावर. कुणाला घ्यायचं त्यानं घ्यावं, नाही त्यानं पुढं जावं. गाठोडं मोठं बांधा."

"बांधतो," रंगारी म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. आरसा धरायचा असल्यामुळं डोळेही पुसता येत नव्हते.

खिडकीतला उजेड उतरत चालला होता. आणखी थोडं मलम तिनं बोटावर घेतलं, चेहरा उजेडाकडे केला आणि आरशात बघतच म्हणाली,

"हलवू नका."